रीड प्रेफरन्सला मराठीत काय म्हणायचं? पसंती, प्राधान्य की अजून काही?

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एका छोट्या सॉफ्टवेअरवाल्या ऑफिसात डेटाबेस बघतो, चादरी-टॉवेलच्या दुकानांचं बिलिंग आमच्याकडं असतं. नवीन आलेल्या पोरापोरींसाठी मराठीत टिपण लिहायला घेतलंय आणि एका शब्दावर अडकलोय.

मोंगोडीबी ह्या डेटाबेसमध्ये एकाच डेटाच्या प्रती तीन-पाच सर्व्हरवर असतात, लिहायचं ते फक्त प्रायमरीवर, म्हणजे मुख्य सर्व्हरवर, बाकीचे म्हणजे सेकंडरी त्याच्याकडनं उतरवून घेत राहतात, आणि वाचायचं कुणाकडनं हे आपण सांगायचं. ह्या सांगण्याला रीड प्रेफरन्स म्हणतात. आमच्यातल्या एकानं 'वाचन प्राधान्य' लिहिलं. मला ते पटत नाही, कारण तिथं प्रायॉरिटी नावाची वेगळीच सेटिंग आहे, प्रायमरी पडला तर त्याच्या जागी कुणी यावं त्यासाठी प्रत्येक सर्व्हरला ० ते १००० मधला आकडा देतात आणि ज्याला ० दिलाय तो कधीच प्रायमरी होत नाही. प्राधान्य हा शब्द तिथं लागणारच. मग वाचण्यासाठी काय?

*

पसंती म्हणा की ओ, सरळ शब्द आहे. वाचन-पसंती.

*

तेच लिहिलं होतं आधी, पण पसंती म्हटलं की 'हे नाही मिळालं तर ते चालेल' असं ऐकू येतं, आणि प्रकार बघा ना. एकूण पाच. पहिला प्रायमरी, आपण काहीच सांगितलं नाही तर हाच लागू होतो, ह्यात प्रायमरी सापडला नाही तर सरळ एरर येतो, दुसऱ्याकडं जात नाही. ही पसंती कुठं आहे, हा हट्ट झाला. ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे सगळे बदल एकत्र होतील नाहीतर एकही नाही अशा गटाच्या आत वाचायचं असेल तर हाच लागतो. दुसरा प्रायमरी-प्रेफर्ड, असेल तर प्रायमरी, नाहीतर सेकंडरी. मग तसेच सेकंडरी आणि सेकंडरी-प्रेफर्ड, आणि शेवटी निअरेस्ट. म्हणजे खरी पसंती प्रेफर्ड म्हटलेल्या दोनच ठिकाणी.

*

मग नाम कशाला शोधताय? मराठीत 'च' आहे आणि 'शक्यतो' आहे. मुख्यच. शक्यतो मुख्य. दुय्यमच. शक्यतो दुय्यम. आई दुकानात पाठवताना म्हणते ना, शक्यतो ज्वारी बार्शीची आण, आणि शक्यतो शब्द नसला तर नाही मिळाली म्हणून मोकळ्या हातानं परत यायचं. कुणालाही एकदा सांगून कळेल.

*

हे फार आवडलं. 'मुख्यच' मधला तो एक च एररचं सगळं सांगून जातो. घेतलं.

*

दुय्यम शब्दाबद्दल मात्र बोलायचंय. दुय्यम दर्जाचा माल म्हणतो आपण, पण सेकंडरीत तोच डेटा असतो, फक्त थोडा मागनं येतो. माझी सगळी नोकरी जमिनीच्या रेकॉर्डमध्ये गेली, आमच्याकडं नकलेवर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा मारायचो, म्हणजे मूळ कागद बघून, त्याच्याशी ताडून काढलेली. तिथं नक्कल म्हणजे खोटं असं कुणाच्या मनात यायचं नाही, त्याच नकलेवर बँक कर्ज द्यायची, कोर्ट बघायचं. बाहेर लोकांनी नकली, नक्कल करणं ह्यामुळं त्या शब्दाचा वास बदलून टाकला. माझ्या मते नक्कल वापरा, आणि एक गोष्ट त्यातनंच समजते की नकलेवर तारीख असते, कालची नक्कल काढली आणि आज फेरफार झाला तर नकलेत तो दिसणार नाही, त्यात नक्कल खोटी होत नाही.

*

काका, तारखेची गोष्ट लाखाची. पण आजच्या पोराला नक्कल म्हटलं की परीक्षेतली कॉपी आठवते, म्हणून मी 'प्रत' म्हणेन. मूळ सर्व्हरला मास्टर आणि प्रतीला स्लेव्ह म्हणायचे ते तरी गेलं हे बरं झालं, मायएसक्यूएल ह्या दुसऱ्या डेटाबेसनं २०२० मध्ये ८.०.२२ आवृत्तीपासून कमांडमध्येच स्लेव्हच्या जागी रेप्लिका आणलं.

*

आणि स्टेल रीडला, म्हणजे मागं पडलेल्या प्रतीतनं जुनं वाचलं जातं त्याला काय? कुणीतरी 'कालबाह्य वाचन' लिहिलेलं वाचलं, कालबाह्य म्हणजे टाकून द्यायचं, ते बरोबर नाही. मी 'शिळं' म्हणते. शिळं सगळंच वाईट नसतं, आपल्याकडची कडक भाकरी करतातच मुळी चार दिवस पुरवायला, पण भात दुसऱ्या दिवशी कुणी पाहुण्याला वाढत नाही. महिन्याचा विक्री रिपोर्ट भाकरी, आत्ताचा स्टॉक भात.

*

ताई, अगदी हेच आमच्याकडं घडलंय. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत एका दुकानात ४० चादरींची आवक टाकली, सेव्ह झालं, यादी उघडली तर एंट्रीच नाही, कारण सगळं वाचन आम्ही सेकंडरी-प्रेफर्ड करून ठेवलेलं आणि तो सेकंडरी त्या वेळी मोठ्या रिपोर्टखाली दबून मागं पडला होता. माणसानं परत टाकली. संध्याकाळी स्टॉकला ८०, रॅकवर ४०. मालक स्वतः शिडीवर चढून गठ्ठे मोजत होते, ते बघून मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून आवक आणि बिल मुख्यच, रिपोर्ट शक्यतो दुय्यम. किती शिळं चालेल ह्याचीही मर्यादा घालता येते, मॅक्स स्टेलनेस म्हणतात, पण ती ९० सेकंदांच्या खाली लावता येत नाही, म्हणजे स्टॉकसाठी तिचा उपयोग शून्य. आणि सेकंडरीवर वाचन ढकललं की ताकद दुप्पट झाली असं नाही, सगळी लिखापढी त्यालाही करावीच लागते.

*

निअरेस्ट राहिलं. जवळचा?

*

जवळचा चालेल, पण किलोमीटरनं नाही, उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात त्यावर. सात रस्त्यावरनं स्टेशन किती लांब विचारलं तर आपण मिनिटं सांगतो तसं. आणि एकच नाही, सगळ्यात लवकर उत्तर देणाऱ्यापासून १५ मिलिसेकंदांच्या आत जेवढे असतील त्यातला कुठलाही, मुख्य असो की दुय्यम. पोरं इथं हमखास फसतात, जवळचा म्हणजे ताजा असं धरून चालतात.

*

मग 'लवकर पोचणारा' लिहा. जवळचा म्हटलं की नातेवाईक वाटतो आणि त्याच्यावर विश्वास टाकावासा वाटतो.

*

हे बरोबर. टिपणात मथळा 'कुणाकडनं वाचायचं' असा ठेवतो, खाली मुख्यच, शक्यतो मुख्य, दुय्यमच, शक्यतो दुय्यम, लवकर पोचणारा. काकांची तारखेची ओळ दुय्यमच्या खाली घालतोय, त्यांची हरकत नसेल तर.

*

घाला की. फक्त बरहुकूम शब्द काढू नका.