मदत हवी आहे: अकॅलेशियासाठी पोएम करावं की हेलर?

माझ्या धाकट्या नणंदेला अकॅलेशियाचं निदान झालंय. अन्ननलिकेच्या तळाची झडप गिळताना सैलच पडत नाही. भाकरी सोडाच, मऊ वरणभातही छातीत अडकतो. उभं राहून, वर पाणी पिऊन घास खाली ढकलते बिचारी. आडवी झाली की खाल्लेलं तोंडात येतं. आधी बरेच महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्याच चालू होत्या, मॅनोमेट्री (अन्ननलिकेतला दाब मोजणारी तपासणी) केल्यावर उलगडा झाला. अकॅलेशियाचा टाइप २ हा प्रकार आहे.

सर्जन लॅप्रोस्कोपीने हेलर मायोटॉमी, म्हणजे पोटावरच्या छोट्या छिद्रांतून झडपेचा स्नायू बाहेरून कापणं सुचवतात, गॅस्ट्रोचे डॉक्टर पोएम, म्हणजे तोंडातून एंडोस्कोप घालून आतूनच स्नायू कापणं. २०१९ मध्ये या दोन्हींची तुलना प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनंतरचं यश जवळपास सारखंच, पोएमचं ८३ आणि हेलरचं ८२ टक्के. पण आम्लामुळे अन्ननलिकेला होणारी सूज पोएमनंतर ४४ टक्के, हेलरनंतर २९. मला काळजी तीच वाटते, तिचं वय अवघं चौतीस आहे.

पोएम होऊन तीन-चार वर्षं झालेलं इथे कुणी आहे का? गोळ्या रोज लागतात का? नंतर एंडोस्कोपी किती वेळा सांगतात? आणि हेलरवाल्यांनो, पुन्हा अडकायला लागलं का? कृपया घरगुती उपाय नकोत, प्रत्यक्ष अनुभव सांगा. पुढच्या आठवड्यात निर्णय कळवायचाय.