५ ते १५ वयाच्या मुलांना हवामानबदल एकाच सत्रात कसा शिकवावा?

खडूफळा:
शिबिरात ९० मिनिटांचं सत्र घ्यायचं आहे. मुलं वीसेक. काही ५-७ वर्षांची, बरीचशी ८-११ ची आणि चार-पाच जण १४-१५ चे. सगळ्यांना एकत्र बसवावं की गट पाडावेत? आणि एका बाटलीत सोडा-व्हिनेगरचा कार्बन डायऑक्साइड, दुसरीत साधी हवा, दोन्हींवर दिवा आणि आत थर्मामीटर, हा प्रयोग ठेवावा का?

वातकुक्कुट:
बाटलीचा प्रयोग सरळ काढून टाका. आकडा बऱ्याचदा हवा तसा येतो, पण कारण भलतंच असतं. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, त्यामुळे बाटलीतला तापलेला वायू बाहेरच्या हवेत सहज मिसळत नाही आणि बाटली गरम राहते. वातावरणात मामला वेगळा आहे: जमिनीकडून वर जाणारी अवरक्त किरणं (डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणं) हा वायू शोषतो आणि त्यातली काही ऊर्जा परत खाली येते. त्यात दिवा दोन बोटं इकडेतिकडे झाला तर निकालच फिरतो.

त्याऐवजी बर्फ घ्या. साधारण १० सेंमी रुंदीची दोन सारखी पारदर्शक भांडी. एकात दगड, त्याचा माथा पाण्याच्या वर राहील असा. त्यावर बर्फाचे पाच खडे. दुसऱ्यात तेवढेच खडे पाण्यात तरंगते. बर्फ ठेवून झाल्यावरच पातळीची रेघ मारा. आधी मारली तर तरंगत्या बर्फाने आधीच वर ढकललेलं पाणी 'वितळून वाढलं' असं दिसतं आणि सगळा प्रयोग फसतो. दगडावरचा बर्फ वितळला की पाणी सेंटीमीटरभर चढतं, तरंगत्याची रेघ जागची हलत नाही. भांडं २० सेंमी रुंद घेतलं तर तोच फरक जेमतेम ३ मिमी, मागे बसलेल्यांना दिसणारच नाही. गुळगुळीत दगड नको, खडे घसरून पाण्यात पडतात.

वितळायला पाऊण तास तरी लागतो, म्हणून सुरुवातीलाच मांडा. हे सगळ्यांसमोर करा, गट नंतर पाडा.

आलेखकागद:
मोठ्यांसाठी एक जोड. समुद्र चढतो तो निव्वळ बर्फामुळे नाही, पाणी तापून फुगतं म्हणूनही. अर्ध्या लिटरची काचेची बाटली रंगीत पाण्याने काठोकाठ भरा, बारीक स्ट्रॉ खोचा, तोंड मातीने गच्च बंद करा आणि कोमट पाण्यात उभी करा. पाणी २५ वरून ४० अंशांवर गेलं तर ५ मिमी आतल्या व्यासाच्या स्ट्रॉमध्ये १० सेंमीच्या आसपास चढतं. आत हवेचा बुडबुडा राहिला तर तो पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो आणि आकडा फुगवतो. सुरुवातीला पातळी क्षणभर खाली जाते, कारण आधी काच तापते. हा प्रश्न मुलांनाच टाका, मजा येते.

मग हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेने मोजलेल्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख द्या. १९५८ साली दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड, आता ४२० च्या वर. रेघ दरवर्षी वर-खाली होऊन करवतीसारखे दाते का पडतात, तेही विचारा: उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात वाढताना वायू ओढून घेतात.

चिमणपाखरं:
५-७ वाल्यांना यातलं काही नको. त्यांना एक थर्मामीटर सावलीत, एक उन्हात असं वाचू द्या, पृथ्वीभोवतीचं पांघरूण जाड होतंय एवढं सांगा, बस. बुडणारी शहरं, भुकेली अस्वलं दाखवू नका. या वयात 'ऐंशी वर्षांनी' आणि 'उद्या' यांत फारसा फरक नसतो. 'आपण मरणार का?' असं कुणी विचारलंच तर 'नाही, आणि यावर खूप मोठी माणसं काम करतायत' इथे थांबा. तापमानवाढीचे आकडे तिथे काढू नका.

८-११ वाल्यांना सुरुवातीलाच 'पृथ्वी का तापते' याचं चित्र काढायला लावा. बरेच जण ओझोनला भोक पाडून त्यातून ऊन आत सोडतात. तो गैरसमज न काढता पुढे गेलात तर बाकीचं सगळं त्या भोकालाच चिकटतं.

खडूफळा:
बाटली रद्द. एक शंका, समुद्राचं पाणी तर खारं. मग तरंगत्या बर्फाची रेघ खरंच हलणार नाही?

वातकुक्कुट:
किंचित हलते. बर्फ वितळून होणारं गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून असं १०० मिली पाणी झालं तर खाऱ्या पाण्यात साधारण अडीच मिली वाढ. तुमच्या भांड्यात ती ०.३ मिमी, रेघेच्या जाडीत जाते. साधंच पाणी वापरा. पंधरा वर्षांच्या कुणी विचारलं तर हाच हिशेब त्याला करायला द्या.