मदत हवी आहे: परदेशातल्या महानगरातून लहान गावात आल्यावर रुळायचं कसं?

नमस्कार मंडळी. परदेशातल्या मोठ्या शहरात बरीच वर्षं काढून आम्ही लेकीसह मायदेशी, एका लहान गावात कायमचे राहायला आलो आहोत. निर्णय विचारपूर्वक घेतला आहे, तो बदलायचा नाही. शांतता, मोकळा वेळ, सगळं हवं तसं आहे. अडतंय ते माणसांपाशी.

तिकडे शेजारी कोण राहतं हेही ठाऊक नसायचं. इथे आम्ही कुठे गेलो, घरी कोण आलं, मी दिवसभर घरून काय काम करते, याची सगळ्यांना खबर असते. चौकशीमागे आपुलकी आहे हे दिसतं, तरी संध्याकाळपर्यंत जीव थकतो. नवऱ्याला याचं काहीच वाटत नाही. लेक मात्र तेरा वर्षांची. वर्गातल्या मुली पहिलीपासून एकत्र, त्यांच्यात शिरायला तिला वावच मिळत नाही. खरी काळजी तिचीच आहे.

परदेशात रुळण्याचा आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा असतो, म्हणजे आधी उत्साह, मग घसरण, मग पुन्हा सावरणं, असं समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये मांडलं. १९६३ मध्ये गुलाहॉर्न या संशोधक दांपत्याने मायदेशी परतणाऱ्यांसाठी त्याला आणखी एक यू जोडून डब्ल्यू केला. म्हणजे ही दुसरी घसरण अपेक्षितच. पण त्यातून वर येताना रोज नेमकं काय करायचं?

कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा. लोकांना न दुखावता स्वतःपुरता निवांतपणा कसा राखलात? आणि या वयाच्या मुलांची मैत्री कशातून जुळली, खेळ, वाचनालय की आणखी काही? आईवडिलांनी मध्ये पडावं की थांबावं?