शब्दचर्चा : मोझॅक, कुट्टिमचित्र की जडावकाम?

प्रश्न

मंडळी, इस्तंबूलमध्ये निळ्या मशिदीच्या पाठीमागे, अरास्ता बाजाराला लागून एक छोटं संग्रहालय आहे. बायझंटाईन (पूर्व रोमन) सम्राटांच्या मोठ्या राजवाड्यातली, बारीक खडे बसवून केलेली जमिनीवरची चित्रं तिथे सापडली त्याच जागी जपली आहेत. त्यावर मराठीत लेख लिहितेय आणि पहिल्याच वाक्याला अडलेय. 'मोझॅक' लिहावं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सोसायटीतली ठिपक्यांची लादी येते. 'कुट्टिमचित्र' कोशात शोभतं, पण कुणी बोलताना ऐकलं नाही. 'जडावकाम' किंवा 'पच्चीकारी' चालेल का? शिवाय ही चित्रं ज्या चौफेर खांबांच्या अंगणात आहेत त्याला काय म्हणू? आणि चित्रांतल्या 'ग्रिफिन' या काल्पनिक प्राण्याला?

प्रतिसाद

पच्चीकारी नको. त्यात दगडात खाच कोरतात आणि पाकळीच्या आकाराचा तुकडा कापून त्या खाचेत बसवतात, ताजमहालात आहे तसं. इथे प्रत्येक खडा जवळपास सारखाच, साधारण ५ मिलिमीटरचा. म्हणजे एका चौरस मीटरला सुमारे ४०,००० खडे. आकार कापलेल्या तुकड्यातून येत नाही, खड्यांच्या ओळी कशा वळवल्यात त्यातून येतो. जडाव म्हटलं की मला तर दागिनाच आठवतो.

आणि सोसायटीतली ती लादी खरं तर मोझॅक नव्हेच. सिमेंटमध्ये संगमरवराची खडी मिसळून, घासून, चकाकी आणलेली ती टेराझो. आपल्याकडे तिला मोझॅक म्हणायची पद्धत पडली, आता ती बदलत नाही. बांधकामवाले गच्चीवर जे 'चायना मोझॅक' करतात, फुटक्या टाइल्सचे तुकडे एकेक करून बसवतात, ते मूळ तंत्राच्या जास्त जवळ आहे. दिसायला कितीही बेंगरूळ असो.

प्रतिसाद

मी कुट्टिमचित्राच्या बाजूने. 'कुट्टिम' हा 'कुट्ट्'पासून, म्हणजे आपल्या 'कुटणे'चाच सोयरा. अमरकोशात 'कुट्टिम'चा अर्थ 'निबद्धा भूः' असा दिलाय, बांधून काढलेली जमीन. संस्कृत काव्यात 'मणिकुट्टिम' येतं ते महालातल्या रत्नखचित जमिनीसाठी. धुम्मसाने ठोकून केलेला कोबा ज्यांनी पाहिलाय त्यांना यातला 'कुट्ट' समजावून सांगायला नको.

म्हणजे हा शब्द मुळात पायाखालचा. पुढे कलेवरच्या मराठी लेखनात तो सरसकट मोझॅकसाठी वापरला गेला, त्यामुळे 'भिंतीवरील कुट्टिमचित्र' अशी अवघडलेली रचना वाचायला मिळते. इटलीतल्या राव्हेनाच्या सान व्हिताले चर्चमधला सम्राट जस्टिनियन भिंतीवर आहे, त्याला बांधलेली जमीन कसं म्हणायचं? पण तुमच्या लेखाला शब्दाचा हाच अरुंदपणा उपयोगी पडेल. बायझंटाईन लोकांच्या लेखी जमीन आणि भिंत यांत नुसता जागेचा फरक नव्हता, काय चितारायचं हेच त्यावर ठरत होतं.

इ. स. ४२७ मध्ये सम्राट दुसऱ्या थिओडोसियसच्या काळात फर्मान निघालं की तारणहार ख्रिस्ताचं चिन्ह जमिनीवरच्या दगडात किंवा संगमरवरात कोरू वा रंगवू नये, आणि असेल तिथून काढून टाकावं. पुढे हे जस्टिनियनच्या कायदेसंग्रहातही आलं. कागदाला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या आपल्यासारख्यांना याचं कारण विचारावं लागू नये. सीरिया-पॅलेस्टाईनच्या कितीतरी चर्चांत तरीही जमिनीवर क्रूस दिसतात, म्हणजे फर्मान सगळीकडे पाळलं गेलं असं नाही. पण राजवाड्याच्या या जमिनीचा जो भाग उरलाय त्यात ख्रिस्त नाही, संत नाहीत, क्रूस नाही. एवढंच काय, सम्राटही नाही.

मूळ प्रश्नकर्ती

मग आहे काय, हाच लेखाचा गाभा आहे! शेळीची धार काढणारा माणूस. हंस राखणारी पोरं. गाढवाला चारा देणारा मुलगा. शिंगराला पाजणारी घोडी. आणि याच जमिनीवर हत्ती-सिंहाची झुंज, वाघावर भाला रोखलेले शिकारी, सापाशी झुंजणारा गरुड, पाल गिळणारा ग्रिफिन. ग्रीक पुराणातलेही आहेत: मद्याचा देव डायोनिसस, त्याला बाळपणी खांद्यावर घेतलेला अर्धबकरा देव पॅन, किमेरा या राक्षसी प्राण्याशी लढणारा वीर बेलेरोफोन. मला सर्वांत आवडतं ते मुलांच्या चाकं फिरवण्याच्या शर्यतीचं दृश्य, कारण त्यांच्या कपड्यांत हिप्पोड्रोमच्या, म्हणजे रथशर्यतींच्या मैदानाच्या, निळ्या आणि हिरव्या गटांचे रंग आहेत. रथांच्या शर्यतीचं वेड पोरांच्या खेळात उतरलंय.

प्रतिसाद

अंगणाला 'ओवऱ्यांचं अंगण' म्हणा. देवळाभोवतीची खांबांची ओवरी मराठी वाचकाला ठाऊक आहे, आणि चित्रं होती ती ओवऱ्यांतच, मधल्या उघड्या जागेत नव्हे. मूळ क्षेत्र १,८०० चौरस मीटरच्या वर धरतात, उरलंय सुमारे २५०. सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या उत्खननात १९३५ पासून पुढे हे सापडलं. काळाबद्दल वाद आहेत. अनेक अभ्यासक सहावं शतक, म्हणजे जस्टिनियनचंच शतक मानतात, तरी 'जस्टिनियनने बनवून घेतलेली' असं ठाम लिहू नका.

ग्रिफिनला ग्रिफिनच ठेवा. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवरचा शरभ किंवा देवळांवरचा व्याल इथे आणायचा मोह होईल, पण ग्रिफिनला गरुडाची चोच आणि पंख, सिंहाचं धड. शरभ म्हटलात की त्याच्यामागून शिवाची कथा आली.

प्रतिसाद

त्याच न्यायाने 'गरुड'ही धोक्याचा आहे. गरुड-सर्प म्हटलं की आपल्याकडे विनता-कद्रू हजर. तिथे मात्र हे होमरच्या इलियडपासून चालत आलेलं शकुनाचं दृश्य आहे. काही जण त्यात ख्रिस्त आणि सैतान वाचतात, मला ते ओढूनताणून वाटतं. तरी गरुड ठेवावा लागेल, दुसरा शब्द नाही.

जमीन-भिंतीच्या मुद्द्याला एक पुरवणी. नवव्या शतकात सम्राट पहिल्या बेसिलने 'केनूर्गिऑन' नावाचा महाल बांधला. आज तिथे काही उरलेलं नाही, पण त्याच्या चरित्रात शयनगृहाचं वर्णन आहे: जमिनीच्या मध्यावर मोर, चार कोपऱ्यांत बारीक खड्यांचे चार गरुड, भिंतींवर सम्राट, सम्राज्ञी आणि त्यांची मुलं, आणि छताच्या मध्यावर क्रूस. म्हणजे खाली पक्षी, मधे माणसं, वर धर्म.

प्रतिसाद

मोझॅकच्या एका तुकड्याला 'टेसेरा' म्हणतात, त्यासाठी 'खडा' पुरेसा आहे, 'चतुष्कोणी घनखंड' वगैरे घडवू नका. ग्रीकमध्येही त्याला 'प्सेफिस' म्हणजे बारीक खडाच म्हणतात. जुने ग्रीक खडे टाकून मत द्यायचे, म्हणून निवडणुकीच्या रात्री टीव्हीवर बसणाऱ्या 'सेफॉलॉजिस्ट'चं मूळही तिथलंच.

मूळ प्रश्नकर्ती

पहिलं वाक्य असं करते: 'राजवाड्यातल्या ओवऱ्यांच्या फरशीवर पांढऱ्या संगमरवरी खड्यांच्या पार्श्वभूमीवर कुट्टिमचित्रं, म्हणजे मोझॅक, काढलेली आहेत.'

प्रतिसाद

'फरशीवर' आणि 'काढलेली' दोन्ही बदला. फरशी म्हटली की शहाबादी लादी आली, आणि काढलेलं म्हटलं की रंग-कुंचला. हे चित्र जमिनीवर नाही, जमीनच चित्र आहे. 'ओवऱ्यांची जमीनच कुट्टिमचित्रांनी बांधलेली आहे' असं लिहा, 'मोझॅक' पुढच्या वाक्यात येऊ द्या. आणि पांढरी पार्श्वभूमी सपाट ओळींची नाही. खडे खवल्यांसारख्या कमानींत बसवलेत, तेवढं नक्की घाला.