ओंडका ओलांडताना क्लच आणि थ्रॉटल यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न : नागपूरकडे हिंगण्याजवळच्या आमच्या शेतात बाभळीचा जाड ओंडका ठेवून मी ट्रायल्स (पाय न टेकवता सावकाश अडथळे ओलांडण्याचा खेळ) मोटरसायकलचा सराव करतो. पुढचे चाक चढते, पण मागचे आदळते आणि इंजिन बंद पडते. नेमके काय बदलावे?

उत्तर १ : क्लचच्या लिव्हरवर एकच बोट ठेवा आणि इंजिनाचा वेग किंचित चढवून क्लच अर्धवट दाबून धरा, पुढचे चाक ओंडक्याच्या वरच्या कडेला टेकताच क्लच झटकन सोडून थ्रॉटल द्या, आणि मागचे चाक भिडण्याच्या क्षणी थ्रॉटल मिटवून क्लच पुन्हा आत घ्या, म्हणजे चाक जागीच न घसरता गतीच्या जोरावर वर चढेल आणि इंजिनही बंद पडणार नाही. त्या वेळी गुडघे सैल हवेत, हे फार महत्त्वाचे आहे.

उत्तर २ : वरील सल्ल्याशी सहमत आहे. ट्रायल्सच्या मागच्या टायरमध्ये हवा साधारण ४ ते ५ पीएसआय ठेवावी. साध्या टायरला हे लागू नाही.

उत्तर ३ : नागपूरच्या मे महिन्यात सराव पहाटेच करावा. कमी वेगात वारा लागत नाही, क्लच घासून तापतो आणि लिव्हर ज्या जागी असताना तो पकड घेतो, ती जागा सरकते. तसे जाणवताच गाडी थांबवून थंड होऊ द्यावी.