मदत हवी आहे: फ्लॅटबेड पिकअपवर पॉप-अप कॅम्पर कसा धरायचा? (रावेर, जि. जळगाव)

नमस्कार मंडळी,

रावेर तालुक्यात आमची केळी आहे. गाडी बोलेरो पिकअप, सिंगल केबिन. घेतानाच हौद्याशिवाय, नुसती केबिन-चेसिस घेतली आणि जळगावला बॉडी बांधणाऱ्याकडून सपाट प्लॅटफॉर्म करून घेतला. चेसिसवर लांबीत दोन सी चॅनल, त्यांवर आडवे चॅनल, वर चेकर प्लेट आणि तिन्ही बाजूंना पडणारे फाळके. चॅनल आणि चेसिसच्या मध्ये रबरपट्टी आहे आणि सगळं यू-बोल्टने आवळलेलं आहे. चेसिसला कुठे वेल्डिंग नाही, भोक नाही. पासिंग याच बॉडीवर झालंय.

आता यावर पॉप-अप कॅम्पर, म्हणजे छत वर उचलता येणारी राहायची पेटी, बसवायची आहे. अॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपाचा सांगाडा तयार आहे. खालची पेटी आठ फूट लांब, साडेपाच फूट रुंद. छत दोन फूट वर उचललं जातं आणि मधल्या भागात कॅनव्हास. झोपायचा माचा पुढे केबिनच्या टपावर येतो. छत मिटलं की पेटी बुटकी राहते. घाटातल्या वळणांना आणि वाऱ्याला हे बरं, शिवाय केळीच्या शेडमध्ये गाडी सरळ आत जाते. पूर्ण उंचीची बंद पेटी मी त्यामुळेच घेतली नाही.

हा उद्योग कशासाठी तेही सांगतो, कारण बसवण्याची पद्धत त्यावर ठरणार आहे. माझ्या पत्नीला पक्ष्यांचा अभ्यास आहे. रानपिंगळा हा पक्षी शंभराहून जास्त वर्षं कुणाला दिसला नव्हता, संपला असंच धरून चालले होते, आणि १९९७ साली तो आपल्या शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा सापडला. हा पिंगळा दिवसा हिंडतो. सकाळी उजाडताना त्या भागात असायचं तर रावेरहून रात्रभर गाडी हाकत जाण्यात अर्थ नाही. तोरणमाळ, पाल, चाळीसगावकडे पाटणादेवी, डिसेंबरात सारंगखेड्याची यात्रा, असं सगळं डोक्यात आहे. अभयारण्याच्या आत मुक्काम करायचा नाही. गावाच्या कडेला, पाटील किंवा सरपंचांना विचारून गाडी लावायची. म्हणजे निम्मं चालणं डांबरावर आणि निम्मं गाडरस्त्यावर, नाल्यातून, बांधावरून. आणि घरी आलो की पेटी उतरवून पुन्हा रोपांचे ट्रे आणि ठिबकची बंडलं वाहायची आहेत. पेटी कायमची जखडून चालणार नाही.

अडचण इथे आहे. मी रिकामी गाडी शेताच्या बांधावर नेली, पुढचं डावं चाक बांधावर चढवलं आणि मागचं डावं खड्ड्यात सोडलं. मग केबिनच्या मागच्या कडेला पट्टी धरून बघितलं. सपाटीवर केबिनची कड आणि प्लॅटफॉर्मची कड समांतर असते. बांधावर एका बाजूला प्लॅटफॉर्म दोन सेंटिमीटरच्या वर खाली गेला, दुसऱ्या बाजूला तितकाच वर आला. चेसिस पिळतेय हे डोळ्यांनी दिसलं. पिळलीच पाहिजे, शिडीसारखी चेसिस तशीच बनवलेली असते, म्हणून तर चारही चाकं जमिनीला टेकून राहतात. पण माझी पेटी पिळणारी नाही. चारही कोपऱ्यांना ती घट्ट बोल्ट केली तर पिळाचा सगळा जोर पेटीच्या सांध्यांवर येणार. दाराची चौकट तिरपी होणार, अॅल्युमिनियमचं वेल्डिंग तडकणार आणि छत नीट मिटणार नाही.

दोन मिस्त्र्यांना विचारलं. एक म्हणतो, सहा यू-बोल्ट टाका आणि विसरून जा, भाऊ. दुसरा म्हणतो, बोल्ट नकोतच, चार कोपऱ्यांना टर्नबकल (फिरवून ताण देणारे स्क्रू) लावून ताणून बांधा. दोघांनी आयुष्यभर मालगाड्या बांधल्यात, त्यांच्या हाताबद्दल शंका नाही. पण मालाच्या गोणीला दार-खिडकी नसते.

माझा स्वतःचा विचार असा: पुढचे दोन कोपरे पक्के, मागचे दोन स्प्रिंगवर. लांब बोल्ट, त्यावर दाबाची जाड स्प्रिंग, वर लॉक नट. चेसिस पिळली की मागचा कोपरा स्प्रिंग दाबून थोडा उघडेल आणि सपाटीवर परत बसेल. पेटीच्या खाली स्वतःची एक पोलादी चौकट द्यायची, म्हणजे जोर अॅल्युमिनियमवर थेट येणार नाही. अॅल्युमिनियम आणि पोलाद पावसाळ्यात एकमेकांना लागून राहिले की अॅल्युमिनियम खातं, म्हणून मध्ये नायलॉनची पट्टी.

वजनाचा हिशोब: पाणी, बॅटरी, गॅस, अंथरूण-पांघरूण धरून पेटी ६०० किलोच्या आत ठेवतोय. गाडीच्या दोन आसांतलं अंतर ढोबळ तीन मीटर धरू. पेटीचा भारमध्य (वजनाचा मध्यबिंदू) मागच्या आसाच्या ३० सेंमी पुढे ठेवला तर ५४० किलो मागच्या आसावर आणि ६० पुढच्यावर येतात. तोच भारमध्य ३० सेंमी मागे गेला तर मागे ६६० येतात आणि पुढचा आस उलट ६० किलोने हलका होतो, म्हणजे घाटात स्टिअरिंग हलकं पडणार. म्हणून पाण्याची टाकी आणि बॅटरी पुढच्या भिंतीला लावतोय. माच्याचं वजनही पुढेच येतं. पेटी चढली की वजनकाट्यावर आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची, असं तोलून आरसीतल्या आकड्यांशी ताडून बघणार आहे.

आता प्रश्न. स्प्रिंग मागे की पुढे? कंटेनर ट्रेलरवर असतात तसे ट्विस्ट लॉक (फिरवून अडकवायची कुलपं) वापरले तर पेटी लवकर उतरेल, पण ते या कामाला चालतील का? केबिनचा टप आणि माचा यांच्यात किती फट सोडू? आणि आरटीओकडे हा माल धरला जाईल की बदल? ज्यांनी स्वतः बॉडी बांधली आहे त्यांनी जरूर लिहावं. फोटो उद्या टाकतो.

भुसावळचा डिझेलवाला

राम राम भाऊ. तुमचा विचार बरोबर दिशेने आहे, फक्त उलटा करा. टँकर बघा. टाकी ही तुमच्या पेटीसारखीच न पिळणारी वस्तू. चांगला बॉडीवाला टाकीची चौकट मागच्या आसाजवळ पक्की करतो आणि केबिनच्या मागचे दोन सांधे स्प्रिंगवर सोडतो. कारण मागच्या आसाजवळ पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) टेकू आहेत, क्रॉस मेंबर (चेसिसचे आडवे दांडे) आहेत, वजनही तिथेच उतरतं. केबिनमागे चेसिस मोकळी असते, पीळ तिथे जास्त जाणवतो. तुम्ही पुढे पक्कं कराल तर चेसिसच्या सगळ्यात नाजूक जागी ताण बसेल. केबिनमागे चेसिसला तडा गेलेल्या गाड्या मी दुरुस्त केल्यात, बहुतेकांत कारण हेच.

दुसरं म्हणजे स्प्रिंगचं काम फक्त वर-खाली. ब्रेक मारल्यावर पेटी पुढे सरकणं स्प्रिंगच्या बोल्टने अडवायचं नाही. मागच्या पक्क्या सांध्यांना जाड पट्ट्या द्या आणि पुढे प्लॅटफॉर्मवर ठोकळे बसवा. पेटीची चौकट ठोकळ्याला टेकली पाहिजे, पण वर उचलायला मोकळी राहिली पाहिजे. स्प्रिंग आधीच थोडी दाबून बसवा, नाहीतर प्रत्येक गतिरोधकावर पुढचा भाग आपटेल. प्लॅटफॉर्मला वेल्डिंग कराल तेव्हा बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा. नव्या गाड्यांत इंजिनचा कंट्रोल बॉक्स जळतो.

तापीकाठ

बोल्टबद्दल. माल बांधण्याच्या युरोपीय नियमांत पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट जोर धरतात. ६०० किलोच्या पेटीला पुढे ४८० किलो आणि बाजूला ३०० किलो. १२ मिमीचा ८.८ ग्रेडचा एक बोल्ट ताणात चार-पाच टन सहज धरतो. म्हणजे बोल्ट तुटत नाही. ज्या पत्र्यातून तो गेलाय तो पत्रा फाटतो. चेकर प्लेटला नुसता वॉशर लावून बोल्ट टाकू नका. आडव्या चॅनलमधून न्या, खाली किमान ६ मिमीची हातभर लांब पट्टी द्या आणि चॅनलच्या पोटात नळीचा तुकडा बसवा, म्हणजे आवळताना चॅनल चेपणार नाही.

ट्विस्ट लॉक मागच्या दोन पक्क्या सांध्यांना उत्तम. पुढच्यांना नकोत, ते हालचाल देत नाहीत. टर्नबकल फक्त जादाची खबरदारी म्हणून, दोन्ही टोकांना बंद तोंडाचे. उघडा हुक असलेले घेतले तर खड्ड्यात सैल होऊन निसटतात. माच्याखाली चार बोटं फट सोडा, म्हणजे ७५ ते १०० मिमी. केबिन स्वतःच्या रबरांवर वेगळी हलते, पेटी वेगळी. आणि डिझेल टाकीचं तोंड पेटीखाली झाकलं जात नाही ना, हे आत्ताच बघा.

एमएच-१८

कायद्याची बाजू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीतला तपशील उत्पादकाच्या मूळ नोंदीपासून बदलेल असा फेरफार करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. कायमची बसवलेली राहण्याची गाडी म्हणजे मोटर कॅराव्हॅन, तिला एआयएस-१२४ या वाहन मानकाप्रमाणे मंजुरी लागते, एकट्यादुकट्या माणसाला तो खर्च झेपणार नाही. तुमची पेटी बोल्ट काढून उतरते, प्लॅटफॉर्म आरसीत आहे तसाच राहतो, ही तुमची जमेची बाजू. तरीही आरटीओत अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. तोंडी ‘चालतंय’ अपघातानंतर कामाला येत नाही. पेटी प्लॅटफॉर्मच्या कडेबाहेर जाऊ देऊ नका. मागच्या आसाच्या मागे लटकणारी लांबी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९३ प्रमाणे दोन आसांतल्या अंतराच्या ६० टक्क्यांच्या आत हवी. आणि गाडी चालू असताना मागे कुणीही बसायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा.

रावेरकर (धागाकर्ता)

मनापासून आभार. टँकरचं उदाहरण वाचून सावद्याच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरखाली वाकून बघितलं. अगदी तसंच आहे: केबिनमागे दोन स्प्रिंग, मागे जाड पट्ट्या. त्यामुळे ठरलं. मागे ट्विस्ट लॉक आणि पट्ट्या, पुढे स्प्रिंग आणि ठोकळे, चॅनलमध्ये नळीचे तुकडे. माच्याची फट ९० मिमी धरतो. डिझेल टाकीचं तोंड मोकळं आहे, तपासलं. आरटीओचा अर्ज सोमवारी देतो, विमा कंपनीचं पत्रही सोबतच.

पेटी उतरवायला शेडमध्ये आडवी गर्डर आणि चेनकप्पी आहे. पण मुक्कामी उतरवायची वेळ आली तर कोपऱ्याचे जॅक लागतील आणि आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात ते खचणार. जॅकखाली फळी किती रुंद घ्यावी, कुणी अनुभवाने सांगेल का? आणि भुसावळच्या दादांना एक विनंती: स्प्रिंगच्या तारेची जाडी आणि बसवताना किती दाबायची, हे तुमच्या हातातल्या एखाद्या कामावरून सांगाल तर मी थेट तसंच करून घेईन. जमलं तर रविवारी गाडी घेऊन भुसावळला येतो.