आरएक्स १०० चं इंजिन चेंबर खोलायचंय: पुलर, सील, बेअरिंगसाठी सल्ला हवा

मातीतला_आरएक्स:
यामाहा आरएक्स १०० बाईकचं, डर्ट ट्रॅकसाठी बांधलेलं इंजिन आहे. गिअर ऑइल कमी होतंय, बाहेर थेंब नाही, पांढरा धूर आणि प्लग ओला. क्लच बाजूचं क्रँक सील (क्रँकशाफ्टभोवतीची रबरी रिंग) गेलं असावं. चेंबर (क्रँक आणि गिअर धरणारं दोन अर्ध्यांचं कवच) फोडण्याआधी खात्री कशी करू? पुलर (स्क्रूने ओढून भाग सुटा करायचं हत्यार) विकत घ्यावा का?

रीड_व्हॉल्व्ह:
आधी प्रेशर टेस्ट करा. इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचाने बंद करा, हातपंपाने ६ पीएसआय हवा भरा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर गळती आहे. १० च्या वर नेऊ नका, चांगलं सीलही बाहेर येतं. गिअर ऑइल भरायच्या भोकातून हवा येत असेल तर उजवं, म्हणजे क्लच बाजूचं, सील किंवा दोन अर्ध्यांमधला जोड गेलाय. मॅग्नेट (वीज बनवणारं चाक) बाजूला साबणाचे बुडबुडे आले तर डावं सील. ते गळलं की मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन जॅम होतो, म्हणून दोन्ही सील एकदमच बदला.

पुलर घ्याच. मॅग्नेटचा वेगळा, चेंबरचा वेगळा. मॅग्नेट पुलरचे आटे उलटे आहेत की सुलटे, हे पाहूनच फिरवा.

टूटी_ऑइल:
इंजिन फ्रेममध्ये असतानाच पुढच्या स्प्रॉकेटचे नट-बोल्ट सैल करा, मागचा ब्रेक दाबला की शाफ्ट अडतो. प्रायमरी गिअरचा नट सोडताना दातांत तांब्याची पट्टी अडकवा. कनेक्टिंग रॉडमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून क्रँक अडवू नका, रॉड वाकतो.

चेंबरच्या स्क्रूंना साधा फिलिप्स बिट लावला तर डोकी गोल होतात. जेआयएस (जपानी मानकाचा) बिट आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडी मारली की फिरणारा) वापरा. सगळे आधी पाव-पाव फेरा सैल करायचे, समोरासमोरचे. पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढून स्क्रू त्याच जागी खोचून ठेवा, लांबी वेगवेगळी असते.

मातीतला_आरएक्स:
पुलर लावल्यावर पुढून फट पडली, मागे घट्टच आहे. पेचकस घालू का?

रीड_व्हॉल्व्ह:
अजिबात नको! जोडाच्या तोंडावर एक ओरखडा पडला की तिथून हवा ओढली जाते. पुलर सैल करा. एखादा स्क्रू राहिलाय का, गिअर ड्रमचा स्टॉपर आणि शिफ्ट शाफ्ट निघालेत का, ते पाहा. मग डॉवेलजवळ (दोन अर्धे जुळवणाऱ्या पिनांजवळ) हॉट एअर गनने तापवून नायलॉन हातोडीने गिअर शाफ्टच्या टोकावर हलके ठोके द्या. दोन्ही अर्धे समांतर उघडले पाहिजेत. वरचा भाग उचलताना शाफ्टचे वॉशर तेलाने त्याला चिकटून येतात, ते तिथेच मोजा.

क्रँकच्या टोकावर लोखंडी हातोडी मारलीत तर वेब (क्रँकच्या दोन्ही चकत्या) फाकतात. डायल गेजवर रनआउट (फिरताना होणारी डगमग) ०.०३ मिमीच्या आत हवा. रॉड किट बसवणं आणि क्रँक सरळ करणं, हे प्रेस आणि व्ही-ब्लॉक असलेल्या लेथवाल्यालाच द्या.

टूटी_ऑइल:
बेअरिंग सी-३ क्लिअरन्सचीच (आत थोडी जास्त मोकळीक असलेली) घ्या, साधी गरम झाल्यावर आवळतात. रिकामं चेंबर ओव्हनमध्ये ९०–१०० अंशांवर, बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये. हाताने बसतं. ठोकायची वेळ आलीच तर फक्त बाहेरच्या रिंगवर. गॅसची ज्योत एका जागी धरू नका, अॅल्युमिनियम वाकतं.

जुनं सील काढण्याआधी त्याच्या तोंडाचा फोटो घ्या, नव्याच्या ओठाला लिथियम ग्रीस लावा. क्रँक इन्स्टॉलरने ओढूनच आत घ्यायचा. मूळ इंजिनात मधलं पॅकिंग असेल तर नवं टाका आणि बोअरच्या बैठकीवर वर आलेला कागद ब्लेडने सपाट कापा. नसेल तर सीलंटचा पातळ थर. जास्त झाला की गाठी पोर्टमध्ये जातात.

एम-६ स्क्रू ८–१० न्यूटन-मीटर, दोन-तीन टप्प्यांत. प्रत्येक टप्प्यानंतर क्रँक फिरवा, जड लागला तर तिथेच थांबा. शाफ्ट फिरवत सगळे गिअर टाकून पाहा, मग परत तीच ६ पीएसआयची टेस्ट. ऑइल पंपाची हवा काढेपर्यंत टाकीत तेल मिसळलेलं पेट्रोलच ठेवा.